न सापडलेली पेशंट

केकची ऑर्डर सोमवारीच गेली, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचा तो दवाखाना. तिथल्या मुख्य डॉक्टरांना सगळे मॅडम म्हणत, आणि मॅडमना केक कापायला निमित्त लागत नसे. हजारावं बाळ झालं, केक. नवं सोनोग्राफी मशीन आलं, केक. एकदा तुंबलेलं बेसिन मोकळं झालं, तर त्याचाही अर्ध्या किलोचा झाला होता. या खेपेला मात्र कारण तसं दांडगं होतं. दवाखान्याला एक मानाचं सर्टिफिकेट मिळणार होतं, आणि त्याला एकच अट होती. ज्या ज्या जोडप्यांचे गर्भ मागच्या खोलीतल्या टाक्यांत गोठवून ठेवलेत, त्या प्रत्येकाला गाठायचं आणि लेखी विचारायचं की पुढं काय? ठेवायचे, संशोधनाला द्यायचे, की संपवायचे? जोडपी होती चारशे बारा. सोमवारपर्यंत चारशे अकरांची उत्तरं आली. मॅडमनी लगेच शुक्रवारी दुपारी चारचा केक सांगून टाकला. वर क्रीमनं लिहायचं होतं, '१००%'.

"एकच राहिलंय, ताई," मॅडम म्हणाल्या. "फाइल अकराशे चार. अहो, तुम्ही तर पाताळातून माणूस शोधून आणता. ही एक बाई सहा वर्षं कशी सापडत नाही तुम्हाला?"

"बघते मॅडम," ताई म्हणाली, आणि बोर्डावरचा आधीच पुसलेला आकडा परत पुसायला लागली.

ती बाई सापडत नव्हती याचं कारण अगदी साधं होतं. ती बाई म्हणजे ताईच होती.

दवाखान्यात नावं चालत नसत. मॅडमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, घालून दिलेली शिस्त होती ती. बोर्डावर, फाइलवर, नळीवर फक्त नंबर. नावांचं रजिस्टर एका कपाटात, आणि कपाटाची किल्ली ताईकडे. मोठे डॉक्टर गेले, शिस्त राहिली. त्यामुळे अकराशे चार म्हणजे कोण, हे आता दोघांनाच माहीत होतं. एक ताई, आणि दुसरे लॅबमधले टाकीकाका. आणि टाकीकाका दिवसाला मोजून चार वाक्यं बोलत, त्यातली तीन टाक्यांशी.

ताईचं काम सांगायला सोपं, करायला नाकी नऊ आणणारं. कुणाची पाळी कधी आली, सोनोग्राफी कुठल्या दिवशी, पोटात कुठली सुई किती वाजता, बीज कधी काढायचं, गर्भ कधी सोडायचा, आणि त्यानंतरचे चौदा दिवस त्या बाईला वेड लागण्यापासून कसं वाचवायचं, हे सगळं एका पांढऱ्या बोर्डावर आणि एका डोक्यात मावायला लागायचं. त्यात नवऱ्यांचं वेगळंच. एकानं बायकोची भीती घालवायला, 'बघ, काही दुखत नाही' म्हणत तिची सुई स्वतःच्याच पोटात टोचून घेतली होती. वर तीन दिवस रोज फोन, "ताई, मला आता काही होणार नाही ना?" दुसऱ्या एकीच्या सासूनं, औषध थंड ठेवायचं म्हणतात तर चांगलं थंड होऊ दे, म्हणून आख्खा डबा फ्रीजरमध्ये कोंबला. सकाळी सुयांच्या नळ्यांत बर्फ. आणि एक होती छत्रीवाली. पहिल्या दिवशी छत्री आणली तेव्हा रिपोर्ट चांगला आला, तेव्हापासून ती कडकडीत उन्हातही छत्री घेऊन यायची आणि सोनोग्राफीच्या टेबलावरसुद्धा दांडा सोडायची नाही. ताई कुणालाच हसत नसे. म्हणजे समोर नाही.

हसणार कसं? आठ वर्षांपूर्वी ती स्वतः इथल्याच बाकावर बसायची. सुयांचा तक्ता तिनं रंगीत पेन्सिलींनी इतका झकास आखला होता की मोठे डॉक्टर तो बाकीच्या पेशंटना दाखवायचे. चार गर्भ तयार झाले होते. आता गंमत बघा, माणूस जन्माला यायच्या आधीच इथं त्याचा निकाल लागतो. लॅबमध्ये गर्भाला ग्रेड देतात. ताईचे तीन पहिल्या वर्गात, आणि चौथा काठावर पास. रीतसर हुशारांना आधी पाठवलं. एक, दोन, तीन, तिघेही आले तसे गेले. तिसऱ्या खेपेनंतर ती उरलेल्या सुया परत द्यायला आली, तर रिसेप्शनवर कुणीच नव्हतं आणि फोन ठणाणा करत होता. तिनं उचलला. पलीकडची बाई रडत होती. ताईनं तिला सगळं नीट समजावलं आणि फोन ठेवला, तर मागं मोठे डॉक्टर उभे. म्हणाले, "उद्यापासून या."

ती उद्यापासून आली ती आलीच. पुढं दीड वर्षानं नवरा-बायकोही वेगळी झाली. भांडण असं नाहीच. घरात दोन माणसं आणि बोलायला एकच विषय, आणि तो काढायचा नाही असं दोघांनी न बोलता ठरवलेलं. मग उरतं काय?

उरला होता तो काठावर पास. सहाव्या टाकीत, पिवळ्या टोपणाच्या बारीक प्लास्टिकच्या कांडीत.

दर वर्षी ठेवलेल्या गर्भांची पत्रं जायची. पाठवायची ताईनंच. अकराशे चारचं पत्र ती स्वतः टाइप करायची, स्वतः पाकिटात घालायची, आठ वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर धाडायची. तिथं आता चपलांचं गोडाऊन होतं. पत्र परत आलं की फाइलवर लिहायची, 'पेशंट सापडत नाही'. सापडत नाही तोवर गर्भाला हात लावायचा नाही, असा नियम होता. अशी सहा पत्रं झाली. ज्या बाईनं चारशे अकरा जोडपी हुडकून काढली, त्यातलं एक तर कुठल्या तरी बेटावर दीपगृहाची दिवाबत्ती सांभाळायला होतं, तिला स्वतःला मात्र स्वतःचा पत्ता लागत नव्हता.

आणि लागला नसताच. पण मॅडमनी बुधवारी अकराशे चारची फाइल उचलली आणि विमावालीच्या टेबलावर ठेवली.

विमावाली महिन्यापूर्वीच लागली होती. पन्नाशीची, ठसठशीत, सगळ्या जगाला 'बाळा' म्हणणारी. बावीस वर्षं फोनवरून विमा विकलेला. तिला चुकवायला लोक घरं बदलायचे, आणि नव्या घरात सामान लावून व्हायच्या आत हिचा फोन वाजायचा. दवाखान्यात तिच्याकडं दोन कामं होती. न सापडणाऱ्यांना फोन करणं, आणि बाळ झालेली जोडपी भेटायला आली की फोटो काढून बाहेरच्या भिंतीवर लावणं. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोखाली फाइलचा नंबर आणि तारीख असायची. दोन्ही कामं ती अंगात आल्यासारखी करायची.

तिनं फाइल उघडली. पहिला नंबर बंद. दुसरा बंद. तिसरा होता, 'जवळचे नातेवाईक'. आठ वर्षांपूर्वी ताईनं तिथं भाबडेपणानं नणंदेचा नंबर लिहिला होता. आता नणंद म्हणजे काय, चालतंबोलतं रजिस्टर. मधल्या पार्टिशनच्या अलीकडं ताईला एकच बाजू ऐकू येत होती, पण तेवढी पुरे होती.

"हो का?... अरेरे... मग भाऊ अगदीच वाळला असेल... दुसरी केली? छान केलं... मुलगी? वा! चार वर्षांची?... आणि पहिली?... नंबर असेल की जुन्या डायरीत, बघा ना, मी थांबते... सांगा बाळा, लिहून घेते."

ताईच्या पर्समधला खासगी फोन वाजायला लागला. त्याचा नंबर दवाखान्यात कुणाकडंच नव्हता.

ताई पर्ससकट उठली आणि औषधांच्या फ्रीजच्या खोलीत शिरली. दार लावलं. फोन थांबेना. न उचलावा तर ही बया दिवसभर वाजवत बसणार, आणि प्रत्येक वेळी इथंच वाजणार. तिनं नाकावर रुमाल धरला आणि उचलला.

"नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय." विमावालीचा आवाज आधी भिंतीतून आला आणि मग फोनमधून. "फाइल अकराशे चार का?"

"राँग नंबर."

"राँग नंबर म्हणणारा माणूस नेहमी बरोबर असतो बाळा. बावीस वर्षांचा अनुभव आहे. घाबरायचं कारण नाही, एक छोटासा फॉर्म..."

"ती बाई गेली," ताई म्हणाली. तोंडातून कसं निघालं तिलाच कळलं नाही.

"कुठं गेली?"

"वारली."

भिंतीपलीकडं आणि कानात, दोन्हीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग विमावाली खरोखरच हळहळली. "अरेरे. कधी हो?"

"झाली सहा वर्षं."

"मूलबाळ काही?"

"नाही."

"बिचारी," विमावाली म्हणाली. फोन ठेवला तरी ताई फ्रीजला टेकून तशीच उभी होती. स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच दिली याचं तिला हसू आलं, आणि बिचारी म्हटल्याचं रडू. दोन्ही एकदम आलं तर माणसाला उचकी लागते. तिला ती लागली.

पाणी पिऊन बाहेर येईतो पार्टिशनपलीकडून आवाज आला, "मॅडम, सुटलं! अकराशे चारची बायको वारलीय. म्हणजे नियमाप्रमाणं आता नवऱ्याच्या एकट्याच्या सहीवर काम होतं."

ताईनं हातातला पेला खाली ठेवला. दोघांतलं एक हयात नसेल तर उरलेल्यानं ठरवायचं. तो नियम तिनंच टाइप केला होता. स्वतःला वाचवायला ती मेली, आणि मेल्यामुळं तिचा हक्कच गेला. आता सहाव्या टाकीतल्या त्या पिवळ्या टोपणाचं काय करायचं, हे सहा वर्षं न भेटलेला एक माणूस ठरवणार होता.

"तो येतोय शुक्रवारी तीनला," बहिणीकडून नंबर घेऊन नवऱ्याला फोन केल्यावर विमावाली सांगत होती. "पण भला माणूस वाटला हो. मी म्हटलं, तुमच्या आधीच्या मिसेस गेल्या, ऐकून फार वाईट वाटलं. तर कितीतरी वेळ बोललाच नाही. मला वाटलं रेंज गेली."

गुरुवारी ताई दोनदा मॅडमच्या दारापर्यंत गेली. पहिल्या वेळी मॅडम केकवाल्याला टक्क्याचं चिन्ह कागदावर काढून पाठवत होत्या. दुसऱ्या वेळी ताईनं तोंड उघडलंच होतं, तर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळं झालं हो हे सगळं." मग ताई म्हणाली, "छत्रीवालीची पाच वाजताची सुई उद्यापासून वाढवायची ना?" आणि परत आली.

संध्याकाळी ती लॅबच्या दारात उभी राहिली. टाकीकाका सहाव्या टाकीत पट्टी बुडवून नायट्रोजनची पातळी बघत होते.

"काका, मी वारलेय," ती म्हणाली.

"ऐकलं," काका म्हणाले. पट्टीवरची पांढरी रेघ त्यांनी बोटानं दाखवली. "पातळी बरोबर आहे." हे वाक्य ते कधी टाकीशी बोलायचे, कधी तिच्याशी. आठ वर्षं तिला त्यातलं स्वतःचं बरोबर ओळखू यायचं.

शुक्रवारी ताईनं ठरवून तीन वाजता बीज काढायच्या खोलीत काम काढलं, म्हणजे तिथल्या दाराच्या फटीतून आधी लपून त्याला बघता यावं. पण तो पावणेतीनलाच आला. थोडा जाड झाला होता, कानाजवळ केस पांढरे. हाताला धरून एक चार वर्षांची मुलगी, एका पायात मोजा वर, एका पायात खाली.

विमावालीनं काय बघितलं? पुरुष, कडेला मूल, दवाखान्याच्या दारात. बावीस वर्षांची सवय, संधी दिसली की झडप. "या या बाळा, इकडं बघा! हसा!" तो 'अहो, नाही, मी...' म्हणेपर्यंत फटाक. छोट्या मशीनमधून फोटो बाहेर. मुलगी खुदकन हसली होती, आणि बापाचा चेहरा मयताला आल्यासारखा. त्याच वेळी मॅडम बाहेर आल्या. "किती गोड! लावा, लावा, मधोमध लावा." भिंतीवर शंभरेक बाळांच्या मधोमध तो फोटो चिकटलासुद्धा. मग त्यानं आपण कशासाठी आलोय ते सांगितलं. विमावालीचा चेहरा पडला, पण काम पडू दिलं नाही. फॉर्म पुढं केला, जागा दाखवली. त्यानं उभ्याउभ्या खूण केली, सही केली. "बसा, आमच्या ताई येऊन बघतील," म्हणून तिनं बापलेकींना समजुतीच्या खोलीत बसवलं.

ती खोली ताईनंच सजवलेली. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, तळहातावर कोवळं रोप धरलेलं चित्र. वाईट बातमी द्यायची खोली. ताईनं दार ढकललं. आता कसलं लपून बघणं?

त्यानं वर बघितलं. उठायला गेला आणि परत बसला. खुर्ची करकरली. तिला तेल द्यायचं राहून गेलं होतं.

"तू..." तो म्हणाला. "तू वारली होतीस."

"हो. बुधवारी."

"अगं, पण..."

"अहो, चुकून झालं," ताई म्हणाली. सहा वर्षांनी जिभेवर 'अहो' आपोआप आलं. "फोन माझ्याच दवाखान्यातून मलाच आला. काय बोलू सुचेना."

"म्हणून मेलीस?"

"म्हणून."

त्यानं डोळे पुसले, तिच्याच डब्यातल्या रुमालानं. "दोन दिवस काय हाल झालेत सांगू तुला. बहिणीला विचारलं, ती म्हणाली दवाखानाच सांगतोय म्हणजे खरं असणार. घरात बोलताही येईना. हिची आई म्हणणार, इतकं काय झालं? बाथरूममध्ये नळ सोडून रडलो."

"किती वेळ?"

"टाकीतलं पाणी संपलं. मग मलाच पंप लावायला लागला."

ताईला हसू फुटलं. त्यालाही. ती मुलगी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "बाबा, ही मावशी कोण?"

"मावशी इथं काम करते," ताईच म्हणाली. "तुझा मोजा खाली आलाय बघ." आणि वाकून तिनं तो वर केला. पोटरी ऊबदार होती. एवढंच, पण ताईनं हात पटकन मागं घेतला.

फॉर्म टेबलावर होता. तीन चौकटी. त्यानं खूण केली होती 'संपवा'वर.

"तूच नाहीस म्हटल्यावर," तो खाली बघत म्हणाला, "ते तिथं एकटं थंडीत कशाला? असं वाटलं. मला तर माहीतही नव्हतं की ते अजून आहे. मला वाटलं, केव्हाच... दर वर्षी विचारत नाहीत का?"

"विचारतात. मीच पत्र पाठवते."

"कुणाला?"

"मला."

"मग?"

"पेशंट सापडत नव्हती."

या वेळी कुणी हसलं नाही. मुलीनं कागदी रुमाल ओढून काढायला सुरुवात केली होती, एक, दोन, तीन. त्यानं तिचा हात धरला, फॉर्म उचलला. "हा मी फाडतो. तू जिवंत आहेस, आता तुझं म्हणणं आधी. सांग, कुठं खूण करू? ठेवायचंय? ठेवू. मी दर वर्षी येईन सही करायला. कुणाला सांगणार नाही."

हे त्यानं म्हणू नये असं तिला वाटलं होतं. तो अडला असता, नाही म्हणाला असता, तर काम सोपं होतं. दोघांच्या खुणा वेगळ्या पडल्या की फॉर्म बाद, आणि फॉर्म बाद की आणखी एक वर्ष. हा रस्ता तिनं बुधवारपासून पाठ करून ठेवला होता. पण तो माणूस आधीही असाच होता. भांडायला पुरा पडायचा नाही.

याच खोलीत, याच खुर्चीवरून ती चारशे अकरा जोडप्यांना एकच वाक्य सांगत आली होती. 'ठेवा'वर खूण करायची तर परत यायची तारीख मनात असू द्या. आज नसेल, सहा महिन्यांनी असेल, चालेल, पण तारीख पाहिजे. बायका आठवायला लागायच्या, बोटं मोजायच्या. घर बदललं की, बदली झाली की, नणंदेचं लग्न उरकलं की. आता ताईनं स्वतःच्या मनात शोधलं. शंभर बायकांच्या तारखा त्या डोक्यात होत्या. सोमवारी दोन सोनोग्राफ्या, मंगळवारी बीज काढणं, छत्रीवालीची सुई पाच वाजता. स्वतःच्या नावाची एकही नव्हती. वय चव्वेचाळीस. सहा वर्षं ती त्या गर्भाला ठेवत नव्हती, नुसती पत्ता चुकवत होती.

"आणा इकडं," ती म्हणाली. "अहो, फाडू नका. नवा फॉर्म छापला की फॉर्मचा नंबर बदलतो."

त्याच्या खुणेशेजारच्या चौकटीत, 'पत्नी' लिहिलं होतं तिथं, तिनं खूण केली. सही केली. विमावालीनं तिथं पेन्सिलीनं 'मयत' लिहून ठेवलं होतं. ते तिनं खोडरबरानं काळजीपूर्वक पुसलं आणि कागदावरचा चुरा फुंकला.

"नक्की?" त्यानं विचारलं.

"सापडले ना आता मी," ताई म्हणाली. "सापडल्यावर उत्तर द्यायला लागतं."

जाताना तो दारात अडखळला. डिसेंबरात दुसरं येतंय, असं काहीतरी पुटपुटला, सांगायला हवं म्हणून. ताई म्हणाली, "तिला म्हणावं, लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नको. लागत नाहीत अंगाला." तो हो म्हणाला.

चार वाजले. बाहेर केक आला. सगळे तिकडं जमले तेव्हा ताई फॉर्म घेऊन मागं गेली. टाकीकाकांनी तो दोनदा वाचला. हातमोजे चढवले, सहावी टाकी उघडली. पांढरी वाफ काठावरून खाली सांडली. त्यांनी पिवळ्या टोपणाची कांडी चिमट्यानं उचलली, नंबर मोठ्यानं वाचला, "अकराशे चार," आणि ताईनं फाइलवरचा वाचला, "अकराशे चार." तसा नियमच होता. मग काकांनी कांडी टेबलावरच्या स्टीलच्या तबकात ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"किती वेळ लागतो?"

"मिनिट, दोन मिनिटं. मी दहा धरतो," काका म्हणाले. "प्रत्येकाचीच."

चारशे बारांपैकी ज्यांनी 'संपवा' लिहिलं, त्या प्रत्येकासाठी हा माणूस इथं टोपी काढून दहा मिनिटं बसला होता, हे ताईला आज कळलं. तिनं स्टूल ओढलं. कांडीवर दव जमायला लागलं होतं.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. छत्रीवाली.

"ताई, सुईचा डोस आजपासून वाढवलाय ना? पण आमच्याकडचं घड्याळ पुढं आहे का मागं, कळत नाही. आणि हे म्हणतात ते टोचतील, पण यांचा हात कापतोय. मी एकटीच आहे हो, म्हणजे हे आहेत, पण तसे नाहीतच."

ताईनं काकांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे घे.

"मी आहे ना," ताई म्हणाली. "आधी बसा. छत्री कुठंय?"

"हातात."

"ती नवऱ्याकडं द्या. त्याला धरायला काहीतरी पाहिजे. आता नुसती तालीम करू, बेंबीपासून दोन बोटं बाजूला. हो. डावीकडं. काल उजवीकडं झाली ना? पुसून घ्या. वाळू द्या, फुंकू नका. पाचला अजून वेळ आहे, घाई करायची नाही." ती बोलत होती आणि तबकाकडं बघत होती. दवाचे थेंब झाले, थेंब खाली ओघळले, कांडी काचेसारखी स्वच्छ झाली. "भीती वाटणारच. सगळ्यांना वाटते. मला? मलाही वाटली होती. हो, मी पण घेतल्यात."

छत्रीवालीनं विचारलं, "मग? झालं का तुम्हाला?"

आठ वर्षांत हा प्रश्न ताईनं कुणाला विचारू दिला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "पण तुमचं अजून चालू आहे. पाचला फोन करा, मी लाइनवर थांबते."

फोन ठेवला तेव्हा काकांनी टोपी घातली होती. तबकात एक साधी ओली कांडी होती. काकांनी वहीत वेळ लिहिली आणि वही तिच्यापुढं सरकवली. साक्षीदाराच्या रकान्यात तिनं सही केली. "हुशार होता," काका म्हणाले. त्या दिवसाचं ते त्यांचं पाचवं वाक्य. "ग्रेड मीच दिली होती. कडक तपासायचो तेव्हा."

ताई बाहेर आली. टाळ्या केव्हाच वाजून गेल्या होत्या. मॅडमनी तिच्यासाठी केकचा तुकडा राखून ठेवला होता. एक आणि दोन्ही शून्यं संपली होती, तिच्या वाट्याला नुसतं टक्क्याचं चिन्ह आलं. विमावाली भिंतीजवळ हातात पेन घेऊन उभी होती, मधोमध लावलेल्या त्या फोटोसमोर. फॉर्मवरचं 'मयत' पुसलेलं तिनं बघितलं असणार, खालची सही ओळखली असणार.

"काढू का हा?" तिनं हळूच विचारलं. "बाळा, मला खरंच माहीत नव्हतं गं."

ताईनं फोटो बघितला. मुलगी हसत होती. मोजा खाली आलेला.

"राहू दे. हसतेय चांगली."

"पण खाली लिहू काय? नंबर तर..."

"नंबर नको. आजची तारीख घाल."

विमावालीनं तारीख घातली. ताईनं टक्क्याचं चिन्ह खाल्लं, हात धुतले आणि बोर्डासमोर जाऊन बसली. पाचला पंधरा मिनिटं होती.